नळीत राहिलेली चिंधी

भादवा लागला की अकोल्यात ऊन आणि पाऊस एकाच दुपारी येऊन जातात. अकराला चटके बसतात, दोनला मोर्णा नदीच्या पलीकडून आभाळ भरून येतं, तीनला जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून पाणी वाहतं आणि चारला पुन्हा ऊन. मग जमिनीतून वाफ निघते. काळ्या मातीची ती वाफ अंगावर घेतलेल्यालाच कळेल. ओल्या घोंगडीत गुंडाळून कोणी उन्हात ठेवावं तसं होतं. या दिवसांत माणसं पऱ्हाटीवरच्या कापसाच्या फुलांकडे बघतात, सोयाबीनच्या शेंगा बोटांनी दाबून बघतात. मी लोखंडाकडे बघते.

पाऊस पडतो तेव्हा लोखंडाला फारसं काही होत नाही. पाऊस उघडल्यावर जे होतं ते वाईट. दुपारच्या वाफेनं लोखंड माणसासारखं घामेजतं, आणि तो घाम पुसला नाही तर सकाळी त्यावर नारिंगी ठिपके दिसतात. नखानं खरवडले तर जातात, पण खाली बारीक खड्डा राहतो. पोलिसातल्या नोकरीची बरीच वर्षं मी हत्यारांच्या खोलीत काढली आहेत. भादव्यात माझ्या बोटांना तेलाचा वास येतो. जेवताना येतो, केस विंचरताना येतो. मुलगी नाक मुरडते. तिला मी काही सांगत नाही.

तिला सांगण्यासारखा एक भादवा आहे. पंधरा वर्षांपूर्वीचा, चांदूर रेल्वे गावाच्या अलीकडचा.

मी तेव्हा नोकरीत नवीन होते. प्रशिक्षण होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. आम्हा पंचवीस जणींना दहा दिवसांच्या सरावासाठी तिथं नेलं होतं. सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या सतरंज्या, आणि पूर्वी जिथं कापूस मोजायचे त्या काट्याच्या खोलीत आमच्या रायफली. शेडला अजून सरकीचा वास होता. वारा आला की कुठल्यातरी फटीतून कापसाचा जुना पुंजका निघायचा आणि आमच्या वरणात पडायचा. जिनिंगच्या मागं शेतं, शेतांच्या मागं पडीक माळ, माळाच्या टोकाला टेकडी. त्या टेकडीच्या पोटाला निशाणं लावलेली. गोळी चुकली तरी टेकडीत जाणार.

शिकवायला वानखडे उस्ताद होते. आमच्याकडे शस्त्रं शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, बुटका, पायानं किंचित फेंगडा माणूस. इतर उस्ताद ओरडायचे. हे इतके हळू बोलायचे की ऐकण्यासाठी आपोआप पुढं वाकावं लागायचं. पहिल्या दिवशी त्यांनी एक मूठ चिखल उचलला आणि दुसऱ्या हातातल्या पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर दाबला. बाटली उलटी केली. थेंब पडला नाही.

"पाह्यलं? हे आपली काळी माती. रायफलीचं तोंड नुसतं जमिनीले लागलं ना, का हे असं बूच लावते. गोळीले पुढं रस्ता पायजे. रस्ता नसला तर ते नळी फाडून बाजूनं रस्ता करते. अन् बाजूले कोन असते?"

एक-दोघींनी शेजारणीकडे बघितलं.

"तूच असतं," ते म्हणाले, कोणा एकीकडे न बघता.

मग त्यांनी जे शिकवलं ते माझ्या हातात आजही तसंच आहे. पावसात रायफल खांद्याला अडकवायची ती तोंड खाली करून. ओढा ओलांडताना तोंड वर. बसताना रायफल जमिनीवर टेकवायची नाही, मांडीवर घ्यायची. तेलाचा हात हलका, कारण जास्त तेलाला धूळ चिकटते, आणि गोळी झाडण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीनं पुसून काढायचं. चिंधी ओढायला दोरी असते, तिच्या एका टोकाला वजन. ते मागून सोडायचं आणि तोंडातून ओढून काढायचं. एका दमात ओढायची, मधे थांबायचं नाही. मग रिकाम्या रायफलीचा बोल्ट काढून मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरायचं, नखावरचा उजेड नळीत जाऊ द्यायचा आणि तोंडाकडून बघायचं. नळी स्वच्छ असेल तर आत चांदीचं कडं दिसतं.

"अन् तोंडावर टोपी चालते," उस्ताद म्हणाले, "पोटात बोळा चालत नाही. बोळा पानी पिते, अन् मानूस बोळा विसरते."

टोपी म्हणून त्यांनी खिशातून फुगे काढले. नुकताच पोळा झाला होता, तिथल्या जत्रेतून आणलेले लाल, पिवळे, हिरवे फुगे. रायफलीच्या तोंडावर फुगा चढवायचा, की पाणीही आत नाही आणि मातीही नाही. दर दोन तासांनी काढून बघायचं, कारण झाकलेल्या नळीला आतून घाम येतो. पंचवीस जणी रंगीत फुगे लावलेल्या रायफली घेऊन बांधाबांधानं चाललो तेव्हा निंदायला बसलेल्या बाया विळे टाकून उभ्या राहिल्या. एक म्हातारी ओरडली, "काहो पोरीहो, कोनाचं बारसं हाय?" उस्ताद स्वतः हसले, आणि आम्ही त्या एका दिवसापुरत्या शाळकरी पोरी झालो.

रेखा माझी जोडीदार होती. जोडीदार म्हणजे सरावात शेजारी रांगणारी, एकीची रायफल साफ होताना दुसरीनं दोरीचं टोक धरणारी. ती चांदूर बाजारकडची, शेतकरी घरातली, चार भावांत एकटी. अंगानं दणकट, बोलायला तिखट. घरचे तिच्या नोकरीला अजून तयार नव्हते. नेमबाजीत नापास झाली असती तर त्यांना तिला परत न्यायला निमित्तच मिळालं असतं. मी अकोल्यातली, जुन्या शहरातली. बाबा शाळेत शिपाई. आमचं घर बौद्ध, आणि माझी नोकरी ही गल्लीतल्या सगळ्यांची नोकरी असल्यासारखं सगळे वागायचे. रेखाचं आणि माझं प्रशिक्षणापासून जमायचं. सतरंज्या शेजारी शेजारी असायच्या.

शिबिराच्या सहाव्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात तिथल्या पोरींचा जीव सकाळपासून घरी गेलेला. दुपारी रेखाचा भाऊ मोटारसायकलवर डबा घेऊन आला. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्यांची एक भाजी. शेडच्या कोपऱ्यात रेखा बसली, तिनं आणखी दोघींना हाक मारली, आणि तिघींनी डबा उघडला. मी दहा हातांवर बुटाला पॉलिश करत होते. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, मग मान खाली घातली.

एवढंच घडलं. पण माझ्या आत काहीतरी फार जुनं हललं. लहानपणी एका मैत्रिणीच्या ओट्यावर मला वेगळ्या फुलपात्रात पाणी मिळालं होतं. ते फुलपात्र कसं होतं, त्याला कुठं पोचा पडला होता, ते सगळं त्या क्षणी दिसलं. मी ब्रश ठेवला आणि बाहेर गेले. त्या दुपारपासून मी रेखाशी बोलणं बंद केलं. तिनं दोनदा विचारलं, "काय झालं वं तुले?" मी म्हटलं, "काई नाई." मग तीही फुरंगटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला काट्याच्या खोलीवर माझा पहारा होता. रायफली लाकडी घडवंचीवर उभ्या, सगळ्यांतून एक साखळी ओवलेली, कुलूप लावलेलं. पाऊस जोरात आला. पत्रा जुना. थोड्या वेळानं घडवंचीच्या टोकाशी थेंब पडू लागला आणि नेमका दोन रायफलींच्या तोंडांवर. एक माझी, तिच्या शेजारी रेखाची. रेखानं तासाभरापूर्वी तिची नळी इतकी घासली होती की दोरी धरून माझेच हात दुखले होते. न बोलता धरली होती दोरी. घडवंची एकटीनं हलत नव्हती. किल्ली उस्तादांकडे, उस्ताद टेकडीकडे निशाणं झाकायला गेलेले. फुगे एव्हाना फाटून संपले होते.

मी चिंध्यांच्या डब्यातून दोन तुकडे घेतले. एकाचा बोळा करून माझ्या नळीत घातला, एकाचा तिच्या. चिंधीचं शेपूट बाहेर ठेवलं तर त्याच्यावरूनच पाणी आत झिरपेल, म्हणून मी शेपूट नखानं आत ढकललं. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुक वाटलं. थोड्या वेळापुरतंच तर आहे, असं मनाशी म्हटलं. पहारा बदलला तेव्हा येणाऱ्या मुलीला थेंब दाखवला, आम्ही दोघींनी मिळून घडवंची सरकवली, आणि बोळे काढायचे विसरून मी जेवायला गेले.

सकाळी रायफली वाटल्या. मी केसातली पिन काढून माझा बोळा ओढून काढला. रेखाकडे बघितलं तर ती तिची रायफल घेऊन रांगेत पुढं गेलेली. मला आठवतं, मी मनात म्हटलं होतं, नळी तर ती बघेलच, मी कशाला बोलू. चार शब्दांचं वाक्य होतं. तुझ्या नळीत चिंधी आहे, बस्स. पण बोलायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला पहिला शब्द काढणं किती जड जातं, हे ज्यानं अबोला धरला आहे त्याला मी सांगायला नको. मग टेकडीकडे निघायच्या गडबडीत ती चिंधी माझ्या डोक्यातून गेली.

आणि रेखानं बघितलं नाही. कशाला बघेल? स्वतः घासलेली, कुलपात ठेवलेली रायफल. टेकडीपाशी पोचलो तेव्हा पुन्हा भुरभुर सुरू झाली. तपासणी घाईत झाली. बोल्ट उघडले, मागून नजर टाकली, की पुढची रायफल. आभाळ इतकं काळं होतं की नळीत उजेड नाही यात कोणाला नवल वाटलं नाही.

पहिल्या फळीत पाच जणी पालथ्या झोपल्या. रेखा मधोमध. मी दुसऱ्या फळीत, तिच्या मागं दहा पावलांवर. शिबिराचे प्रमुख असलेले साहेब छत्रीखाली उभे. "भर" असा हुकूम झाला, पाच बोल्ट खाडकन बसले. मग निशाणा धरायचा हुकूम. ओल्या गवताचा वास येत होता, रेखाच्या बुटाच्या तळव्यांना चिखलाचे गोळे चिकटलेले मला दिसत होते.

"थांबा!"

तो माझा आवाज होता. मी हात वर करून ओरडत होते, "थांबा, नळीत बोळा हाय! रेखा, सोड, सोड!"

रेखाचं बोट घोड्यावरून सुटलं. उस्ताद धावत आले. त्या फेंगड्या पायांनी ते इतके वेगानं धावतील असं मला वाटलं नव्हतं. पाचही रायफली रिकाम्या करवल्या. रेखाच्या नळीतून त्यांनी तारेच्या आकड्यानं चिंधी काढली. भिजून, फुगून अंगठ्याएवढी झाली होती. ती त्यांनी तळहातावर घेऊन साहेबांसमोर धरली.

साहेबांनी विचारलं, "हा बोळा कोणी घातला?"

रेखा उभी होती. "माहीत नाही साहेब," ती म्हणाली. "पण मी नळी पाहिली नाही. चूक माझी आहे."

मी पुढं झाले नाही.

रेखाचा त्या दिवसाचा गोळीबार रद्द झाला. रायफल डोक्यावर धरून माळाला दहा फेऱ्या. काळ्या चिखलात दर पावलाला बूट अर्धा शेर जड होतो. सातव्या फेरीला तिचे पाय लटपटताना मी पाहिले. शिवाय नोंदवहीत शेरा लागणार असं साहेबांनी जाहीर केलं. आणि माझ्याभोवती मुली जमल्या. "बरं झालं वं तू पाहिलं!" "काय नजर हाय वं तायडे तुही!" एकीनं माझे हात हातात घेतले. तिला वाटलं मी थंडीनं कापते आहे.

तीन तास लागले मला. एक जीव वाचवायला एक ओरड पुरली होती, आणि एक वाक्य कबूल करायला तीन तास. दुपारी उस्ताद शेडच्या पायरीवर बसून ओल्या चिंध्या पिळत होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. थेंब, साखळी, फुगे नव्हते ते.

ते ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. ते चकित झालेले दिसले, आणि थोडे दुखावलेले.

"शेपूट आत कावून ढकललं?"

"त्याच्यावरून पाणी उतरलं असतं म्हणून."

त्यांनी हातातली चिंधी पुन्हा एकदा पिळली. "डोकं तर लावलं तू. अर्धंच लावलं." मग चिंधी झटकून उठले. "चाल सायबाकडं. थांब. आधी तिच्याकडं जा. एकटी."

रेखा विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कट्ट्यावर बसून काडीनं बुटाचा चिखल काढत होती.

"चिंधी मी टाकली होती," मी म्हटलं.

काडी थांबली. "कवा?"

"काल. पाणी टपकत होतं तुह्या रायफलीवर."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"आपण बोलून नव्हतो राहिलो."

ती उभी राहिली. "म्हून मरू देत होती काय वं मले?" तिनं हातातली काडी फेकली. "अन् कावून बोलून नव्हतो राहिलो? मी काय केलं होतं तुले?"

"डबा," मी म्हटलं. मोठ्यानं उच्चारल्यावर तो शब्द फार लहान वाटला.

"कोनता डबा?" आणि मग तिला कळलं. ती पुन्हा खाली बसली. "तूच सांगितलं होतं मले ट्रेनिंगले, का तुमच्या घरी परसाद खात नाईत. मी म्हटलं, विचारलं तर तुले नाई म्हनावं लागन. चार जनींसमोर. तुलेच वाईट वाटन."

मी सांगितलं होतं. आणि मी खाल्लाही नसता. आमच्या घरात ते चालत नाही, आणि ते मला मनापासून पटलेलं आहे. तरी मला विचारलं जायला हवं होतं. या दोन गोष्टी एकाच पोटात कशा राहतात हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"खाल्ला नसता मी," मी म्हटलं. "पण विचाराले पायजे होतं."

"अन् तू सांगाले पायजे होतं."

मी तिच्या शेजारी थारोळ्यावर बसले. मी खाली वाकून तिच्या दुसऱ्या बुटाचा चिखल काढायला लागले. तिनं पाय ओढून घेतला नाही.

साहेबांनी तिचा शेरा माझ्या नावावर केला. हत्यार हाताळण्यात निष्काळजीपणा. दहा फेऱ्या मीही मारल्या, आणि पुढं त्या शेऱ्यानं माझी एक बढती लांबली. दुसऱ्या दिवशी रेखाला पुन्हा गोळीबाराची संधी मिळाली. ती पास झाली. काठावर झाली, पण झाली, आणि घरच्यांना निमित्त मिळालं नाही. परतताना ट्रकमध्ये ती माझ्या शेजारी बसली. आम्ही फार बोललो नाही. पण झोपेत तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं आणि अमरावती येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.

वर्षं गेली. तिचं लग्न झालं, माझं झालं, बदल्या झाल्या. ती आता अमरावतीत आहे. आमची मैत्री लोक म्हणतात तशी जिवाभावाची आहे की नाही मला माहीत नाही. भांडतो, महिनोन्महिने फोन होत नाही, मग एकदम तासभर होतो. नव्या मुलींना मी नळीची निगा शिकवते तेव्हा ही हकिकत सांगते. मुली माझ्या ओरडण्याचं कौतुक करतात. मी मान हलवते, आणि दर वेळी पुढची नळी हातात घेऊन विषय बदलते.

कारण एक गोष्ट मी पंधरा वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. मला त्या चिंधीची आठवण ओरडण्याच्या क्षणी झाली नाही. "भर"चा हुकूम झाला तेव्हाच झाली होती. बोल्ट बसल्याचा आवाज ऐकला आणि बोळा डोळ्यांसमोर उभा राहिला. मग मी थांबले. आपलं नाव पुढं येईल, साहेब आहेत, नोकरी नवी आहे, बाबा काय म्हणतील, हे सगळं त्या वेळात माझ्या मनातून गेलं. कदाचित तिनं पाहून काढलाही असेल, असंही स्वतःला सांगून झालं. गोळी झाडायचा हुकूम जरा घाईत झाला असता तर रेखाचा चेहरा राहिला नसता.

या भादव्यात मी ते तिला सांगितलं. दुपार होती, पाऊस नुकताच उघडला होता. ती गणपतीच्या बंदोबस्तावर होती. फोनमागं ढोल वाजत होते. नव्या पोरींची चौकशी करत होती. मी मधेच म्हटलं, "रेखा, त्या दिवशी मले 'भर' म्हटलं तवाच आठवलं होतं."

ढोल लांब गेले. ती चालत बाजूला गेली असावी.

"मंग किती वेळ थांबली होती?"

"दोन-तीन श्वास."

"दोन का तीन?"

मी खोटं बोलू शकले असते. "तीन," मी म्हटलं.

"अस्सं," ती म्हणाली. मग ढोल पुन्हा जवळ येऊ लागले तेव्हा, "सांगितलं ते बरं केलं. आता मले दोन दिवस फोन नको करू."

मी केला नाही. ते दोन दिवस मी हत्यारांच्या खोलीत एकेक नळी दोन-दोनदा पुसली. ती पुन्हा बोलेल की नाही हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि बोलली नाही तर ती चुकली असं मला म्हणता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते तेव्हा फोन वाजला. ती नेहमीसारखीच मोठ्यानं बोलत होती. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

"काय करून राहिली?" तिनं विचारलं. "तुमच्याकडं उघडला काय वं पानी? इथं तर सोयाबीनच्या शेंगाईले झाडावरच कोंब येऊन राहिले."